खारं बंद केलं त्या उन्हाळ्यात

माझी आई सातपाटीची. पालघरच्या बाजारात तिने जन्मभर मासे विकले. तिच्याकडून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, तोंडातून निघालेला पहिला भाव हा भाव नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते. दुसरी, विकलेला मासा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने बदलून द्यायचा. "तूच बर्फात ठेवला नसशील" असलं काही बोलायचं नाही. ज्या हाताने दिला त्याच हाताने दुसरा द्यायचा. आईचं तोंड फार खराब होतं, शिव्या सगळ्या बाजाराला पाठ होत्या, पण मासा बदलून देताना ती कधी बोलली नाही. म्हणून गिऱ्हाइकं टिकली, आणि म्हणून मी शिकले.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. बोईसरला टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. निम्मे रुग्ण आजही पंक्चर काढायच्या निमित्ताने येतात आणि आजूबाजूला बघून जिना चढतात. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमच्या गमतीदार केसेस लिहा ना." गमतीदार आहेत, एक-दोन सांगते. पण मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, आणि त्यातलं एक वाक्यही कापायचं नाही, हे मी आधी कबूल करून घेतलं. मगच लिहायला बसले.

आमच्या धंद्यात गाइडलाइन नावाची चीज असते. मोठे डॉक्टर एकत्र बसतात, जगभरचे अभ्यास वाचतात आणि अमुक आजाराला पहिलं औषध कोणतं, किती, किती काळ, कोणत्या तपासण्या, काय दिसलं तर थांबायचं, हे लिहून काढतात. मी त्यांच्या विरोधात नाही. माझ्या शिकण्याच्या काळात मी असे वॉर्ड पाहिले आहेत, जिथे प्रत्येक डॉक्टरचा स्वतःचा धर्म होता. एक म्हणायचा झोपवा, दुसरा म्हणायचा शॉक द्या, तिसरा एकाच माणसाला पाच-सहा गोळ्या लिहून जेवायला जायचा. रुग्णाचं नशीब तो कोणत्या वारी दाखल झाला यावर. गाइडलाइनने हे बंद केलं.

पण गाइडलाइन हा पहिला भाव आहे. ती लिहिणाऱ्यांना वाटतं तो छापील भाव आहे. माझ्या टेबलापलीकडे बसलेला माणूस तो भाव ऐकतो आणि उठायला लागतो.

एमआयडीसीतला एक ऑपरेटर माझ्याकडे यायचा, बिहारचा. आलटून-पालटून रात्रपाळी, झोप उडालेली. कुणीतरी त्याला झोपेच्या गोळ्यांची सवय लावून दिली होती. गाइडलाइन सांगते, या गोळ्या दोन-चार आठवड्यांपलीकडे नकोत, हळूहळू बंद करा. मी सांगितलं.

"मॅडम, आप बंद करोगे तो मेडिकलवाला देगा."

"मग त्याच्याकडेच जा ना. माझ्याकडे कशाला आलास?"

"वो डांटता नहीं है."

मला हसू आलं, म्हणून तो वाचला. आम्ही सौदा केला. दर पगाराला गोळीचा एक तुकडा कमी. झोपण्यापूर्वी मोबाइल खोलीतल्या दुसऱ्याकडे. आणि मेडिकलवाल्याला मी स्वतः जाऊन काय सांगितलं ते इथे छापता येणार नाही. गाइडलाइनमध्ये बसेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, पण गोळी सुटली. त्याच्या ठेकेदाराने नंतर मला विचारलं, "मॅडम, ऐसी कोई दवाई है जिससे आदमी दिन में भी ना सोए, रात में भी ना सोए?" त्याला मी जिन्यावरून खाली काढला.

घिवलीची एक सून होती. बागायतदारांचं घर, चिकूची वाडी. बाळंतपणानंतर ती जी खाली गेली ती महिनोन्‌महिने वर आलीच नाही. औषधाने उठली, हसली, पोराला घेऊन फिरायला लागली. आता गाइडलाइन म्हणते, बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवा, नाहीतर आजार उलटतो. सासू म्हणाली, "बरी झाली ना? मग गोळी कशाला? आमी काय मेडिकल चालवायला बसलोय?"

मी म्हटलं, "आजी, कलम लावल्यावर पहिली पालवी फुटली की पाणी बंद करता का?"

"नाय."

"कधी बंद करता?"

"मूळ धरलं की."

"हिचं मूळ अजून धरलं नाही."

म्हातारीने एकदा सुनेकडे बघितलं. मग म्हणाली, "पुढच्या चिकूपर्यंत. त्याच्या वर एक दिवस नाय." पुढचा चिकू म्हणजे गाइडलाइनपेक्षा थोडं जास्तच होतं. मी कपाळाला आठ्या घालून, फार नुकसान झाल्यासारखं तोंड करून "बरं" म्हटलं. आई असती तर खूश झाली असती.

आमच्याकडे काळ महिन्यांत मोजत नाहीत. बोट किनाऱ्याला लागली, बोट दर्यात गेली, चिकू उतरला, असा मोजतात. त्या मापात भाव बोलला तर माणूस ऐकतो. या कलेचा मला गर्व होता. अजूनही आहे. म्हणूनच जनार्दनचं सांगणं मला जड जातं.

जनार्दन सातपाटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परतायचं की थांबायचं, हे तो ठरवणार आणि सात-आठ खलाशी त्याच्या शब्दावर जीव टाकणार. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान. माझं माहेर त्याच्या घरापासून हाकेवर, म्हणून मला "ताय" म्हणतो आणि अगंतुगं करतो. दवाखान्यात असं बोलणारे माझे फार थोडे रुग्ण आहेत, आणि मला ते आवडतं.

त्याला उन्माद आणि खिन्नतेचा आजार. काही काळ माणूस इतका वर जातो की झोप लागत नाही, पैसा उधळतो, स्वतःला देव समजतो. मग तितकाच खाली जातो. जनार्दन वर असताना एकदा खराब हवामानात, परत फिरायची सूचना आलेली असताना, बोट पुढे पुढेच नेत राहिला. गात होता म्हणे. शेवटी खलाशांनी त्याला जाळ्याच्या दोरीने बांधला आणि बोट परत आणली. आपल्याच माणसांनी बांधलेला तांडेल किनाऱ्याला उतरला, तेव्हा धक्क्यावर सगळं गाव होतं. त्यानंतर तो खाली गेला. भिंतीकडे तोंड करून पडलेला.

त्याच्या बायकोने, हेमलताने, त्याला माझ्याकडे आणलं. त्याच्यासाठी गाइडलाइन ज्या औषधाकडे बोट दाखवत होती ते लिथियम. जुनं, स्वस्त, आणि या आजारात आजही पहिल्या रांगेतलं. पण नाजूक. रक्तात कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर विष. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. लिथियम हे मिठाचं भावंड आहे, आणि मूत्रपिंड दोघांना जवळजवळ एकाच मापाने मोजतं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, रक्तातलं विष वाढत जातं. म्हणून रुग्णाला सांगायचं की पाणी भरपूर पी, आणि जेवणातलं मीठ रोज असतं तसंच ठेव, एकदम कमी नको, एकदम जास्त नको. हे मी नवरा-बायकोला समोर बसवून, आमच्या बोलीत, दोनदा सांगितलं.

मग सौदा सुरू झाला.

"दर्यावर कदी जाऊ?" जनार्दनने विचारलं.

"हा मोसम जमिनीवर. जाळी विण, बर्फाचं बघ."

"बायकांचं काम."

"मग जा बोटीवर. खलाशी दोरी घेऊन तयारच असतील."

हेमलताने पदर तोंडाला लावला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर खुर्ची मागे सरकवली असती. मी नाही सरकवली. मग तो म्हणाला, "आन पुढच्या मोसमाला?"

"गोळी रोज. रक्त मी सांगेन तेव्हा. आणि दारू, ताडी, एक थेंब नाही. एवढं पाळलंस तर नारळी पौर्णिमेला बोट."

"तांडेल म्हणून. खलाशी म्हणून नाय."

बोटीबद्दल गाइडलाइनमध्ये एक अक्षर नाही. हा शब्द माझा मलाच द्यायचा होता. मी म्हटलं, "तांडेल म्हणून. पण थेंब जरी घेतलास तर सौदा मोडला. मग माझा जिना चढायचा नाही."

"दर्याची शपथ," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. मी हातावर हात मारला.

त्याने शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर पुष्कळ जण पुष्कळ बोलले. गोळी चुकली नाही. रक्ताची तपासणी प्रत्येक वेळी जिथे हवी तिथे आली. होळीच्या सुमाराची शेवटची तपासणी तर अगदी मापात होती. तो जाळी विणत होता, पोरींना शाळेत सोडत होता. बोटीच्या मालकानेही सांगितलं होतं, डॉक्टरीण हो म्हणाली तर बोट याचीच.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका रविवारी मी पालघरच्या बाजारात गेले. हेमलता तिथेच बसते, माझी आई बसायची त्याच ओळीत. तिच्या पाटीत त्या दिवशी ताजं थोडं आणि खारवलेलं भरपूर होतं. खारी मुशी, खारी सुरमई, शिवाय सुक्या बोंबलाच्या जुड्या. मी सवयीने भाव विचारला. तिने सांगितला. मी सवयीने निम्मा केला.

"घे," ती म्हणाली.

मी थांबले. मासे विकणाऱ्या बाईने पहिल्या बोलण्याला निम्म्यात माल द्यावा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात मे महिना. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून आमच्याकडे प्रत्येक घर या दिवसांत खारं-सुकं भरून ठेवतं. कुणी काढून विकत नाही.

"घरचं आणलंस?"

"घरचंच. ठेवून काय करायचं? खायचंच नाय ना."

"का?"

"मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी होती ना, चैत्रात. यांचं बीपी निघालं. तो डॉक्टर बोलला, मीठ कमी करा, सुकं-खारं बंद. मी मीठच बंद केलं. पोरींना पण अळणीच देते. यांच्या एकट्याच्या ताटात कशाला वेगळं?" ती हे अभिमानाने सांगत होती. नवऱ्यासाठी तिने घरातली मिठाची बरणी शेजारणीला देऊन टाकली होती.

"अगं, मी काय सांगितलं होतं मिठाचं?"

"तू मनाची डॉक्टर, ताय. तो रक्ताचा. मीठ रक्तात जातं. मंग ऐकायचं कोनाचं?"

मी विचारलं, जनार्दन कसा आहे? तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पाटीतली मुशी उगाच उलटी-पालटी केली.

"बरा हाय."

"हेमा, हात कापतात का त्याचे?"

तिचे डोळे भरले. "ताय, तू रागावू नको. त्याने घेतली नाय. मी तोंड हुंगते रोज. वास नाय येत. पण चालतो तसाच. झोकांड्या खातो. बोलतो तर जीभ जड. पोरं हसतात. काल धक्क्यावर कोनीतरी बोललं, काय तांडेल, जमिनीवरच लाटा लागल्या? मला पण वाटलं, कुटंतरी चोरून घेत असंल. तुला कसं सांगू? पौर्णिमेला बोट हाय त्याची."

मी पाटीवर पिशवी टाकून गाडीकडे पळाले, तिला ओढत. पालघर ते सातपाटी लांब नाही. त्या दिवशी मला लांब वाटलं.

तो ओसरीत चटईवर पडला होता. उलट्या, जुलाब दोन दिवस चालू. डोळे उघडे, पण मला ओळखायला त्याला वेळ लागला. हात उचलायला सांगितला तर बोटं जोरजोरात झडत होती. हेमलताची सासू दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती, पिऊन पडलाय. मी तिच्यावर जे ओरडले ते रस्त्यावर ऐकू गेलं असेल. चौघांनी उचलून गाडीत घातला. वाटेत तो एकच वाक्य बोलला, एकेक अक्षर लोटत: "थेंब नाय घेतला, ताय."

पालघरहून मुंबईला. तिथे त्याचं रक्त यंत्राने धुतलं. तो जगला. पण मेंदूचा मागचा लहान भाग, ज्याच्यावर माणसाचा तोल असतो, तो विषाने भाजला होता. हे सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतं, आणि ज्यांना होतं त्यातल्या काहींचं परत भरून येत नाही. जनार्दनचं आलं नाही. तो चालतो, पाय फाकून, भिंत धरून. बोलतो, पण शब्द तोंडात आपटतात. पेला दोन्ही हातांनी धरतो आणि तरी सांडतो.

आता माझी तक्रार.

शिबिरातला तो डॉक्टर तरुण होता. मी त्याला शोधून काढला आणि त्याच्या दवाखान्यात रुग्णांसमोर त्याची शोभा केली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, थोडं वाढलेलं बीपी. गाइडलाइन सांगते, आधी गोळी नको, आधी मीठ कमी करा. मी तेच सांगितलं. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, हेही विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

हे खरं असणार, मला लगेच कळलं. सोसायटीच्या हॉलमध्ये बीपीची रांग, मागे अख्खं गाव उभं. ज्याला खलाशांनी दोरीने बांधून आणला तो तांडेल त्या रांगेत मोठ्याने सांगणार का, की मी वेडाची गोळी खातो?

म्हणजे त्याची गाइडलाइन बरोबर. माझी गाइडलाइन बरोबर. दोघांनी दोन्ही बाजूंनी नीट ओढलं आणि मधला माणूस फाटला. ज्या घरात ताटातलं अर्धं मीठ माशातून येतं, तिथे "खारं बंद" याचा अर्थ काय होतो, हे दोन्हींत लिहिलेलं नव्हतं. आणि "कमी" म्हणजे किती, हे मूठमूठ मिठाने मासे खारवणाऱ्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिला दोनच मापं माहीत, मूठ आणि काही नाही. तिने नवऱ्यावरच्या मायेने दुसरं माप घेतलं.

चौकशी झाली. एका बंद खोलीत पाच-सहा वरिष्ठ डॉक्टर बसले. कागद बघितले आणि म्हणाले, कुठल्याही मार्गदर्शक सूचनेचा भंग झालेला नाही. मला वाटलं पुढे काही बोलतील. बोलले नाहीत. एकाने माझी पाठ थोपटली, "डॉक्टर, तुम्ही सुटलात." मी त्याचा हात झटकला. मी सुटायला आले नव्हते.

मग मुंबईत आमच्याच विषयाची परिषद होती. प्रश्नांच्या वेळी मी माइक घेतला. सूचना लिहिणाऱ्या समितीतल्या एक बाई मंचावर होत्या. मी म्हटलं, "एक वाक्य घाला. रुग्णाच्या घरात मीठ कुठून येतं ते विचारा. आणि बीपीवाल्यांच्या सूचनेतही घाला, की चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन विचारा." बाई छान हसल्या. म्हणाल्या, "स्थानिक परिस्थितीचा विचार डॉक्टरांनी आपल्या तारतम्याने करावा, हे प्रस्तावनेत दिलेलंच आहे."

मी म्हटलं, "म्हणजे चांगलं झालं तर सूचनेमुळे, वाईट झालं तर तारतम्यामुळे?"

थोडे लोक हसले. सूत्रसंचालकाने चहाची वेळ झाल्याचं सांगितलं. माझा माइक बंद झाला, पण माझं बोलणं झालं नव्हतं. ते इथे पुरं करते आहे.

गावात एवढंच पसरलं की डॉक्टरणीच्या गोळीने तांडेल लुळा झाला. किनाऱ्यावरच्या माझ्या रुग्णांनी गोळ्या सोडल्या. मी घरोघर फिरले, शिव्या दिल्या, हात जोडले, नवे सौदे केले. काही परत आले. एकाच्या घरी मी पोहोचले तेव्हा अंगणात मांडव होता, आणि तो लग्नाचा नव्हता. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. त्याच्या आईला मी तसं वचन दिलं आहे.

दारूची ती अट घालायला नको होती, असं मला काही जणांनी सुचवून पाहिलं. अट नसती तर हेमलता लवकर बोलली असती, म्हणे. असेल. पण दारू आणि हा आजार एकत्र आलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत, त्यातून झालेली प्रेतं पाहिली आहेत. मी आजही ती अट घालते. फक्त आता पहिल्या भेटीत मी मन, झोप, भूक याआधी स्वयंपाकघराबद्दल विचारते. लोकांना वाटतं म्हातारी चळली.

नारळी पौर्णिमेला मी सातपाटीला गेले नाही. बोटी रंगवलेल्या असतात, पताका लावलेल्या असतात. मला जाववलं नाही. नंतर कळलं, जनार्दनला मुलींनी दोन्हीकडून धरून किनाऱ्यावर आणला होता. त्याने नारळ पाण्यात टाकला, तो जवळच पडला आणि लाटेने परत त्याच्या पायाशी आला. बोट दुसऱ्या तांडेलाबरोबर गेली.

त्याच आठवड्यात तो दवाखान्यात आला. टायरवाल्याच्या माणसांनी त्याला जिना चढवला. हेमलता मागे, हातात पिशव्या. तो खुर्चीत बसला आणि दम खात बसून राहिला. मी नव्या गोळीबद्दल बोलायला लागले. लिथियम आता त्याला कधीच द्यायचं नाही, पण आजार तर आहेच, तो काही तोलाबरोबर गेला नाही. त्याने हात वर करून मला थांबवलं. हात हवेत झडत राहिला.

"माझं काय चुकलं, सांग," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता आणि मी मध्ये बोलले नाही. "गोळी खाल्ली. रक्त दिलं. थेंब नाय घेतला. बरोबर?"

"बरोबर."

"मग बोट दे."

हेमलता म्हणाली, "अवो, ताय काय करनार—"

"तू गप. सौदा माझा हाय." तो माझ्याकडेच बघत होता. "तुझी आय मासा खराब निघाला तर बदलून देई. माझ्या आयला दिलेला मी बघितलाय. बोलत नसे, बदलून देई. तू काय बदलून देतेस?"

मी आयुष्यभर बोलून जगले आहे. बाजारात, कॉलेजात, हॉस्पिटलात, मेडिकलवाल्यांशी, ठेकेदारांशी, सासवांशी. मला शब्द मिळाला नाही असं कधी झालं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आईच्या पाटीत दुसरा मासा असायचा, जना."

त्याने मान हलवली. समजल्यासारखी, किंवा ती आपोआप हलली असेल, आता सांगता येत नाही.

"मग भाव करायला बसायचं नव्हतंस," तो म्हणाला.

मी नवी गोळी लिहून दिली. ती त्याने घेतली, हे मला सांगायलाच हवं. हेमलताने विचारलं, "मिठाचं कसं करू?" मी त्या तरुण डॉक्टरला तिथल्या तिथे फोन लावला आणि आम्ही दोघांनी मिळून तिला चमच्यात माप सांगितलं. ताटात किती, माशात किती. तिने ते दोनदा म्हणून दाखवलं. मग ती त्याला उठवायला लागली, पण तो एकटाच उठला, दरवाजा धरून, आणि जिन्याकडे निघाला.

जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच. तो एकेक पायरी आधी पायाने चाचपत होता. मी वरच्या कठड्याशी उभी होते.

"कठडा धर, जना," मी ओरडले.

त्याने वर बघितलं नाही.

"धरलाय," तो म्हणाला. "तू सांगितलंस ते सगळं धरलंय."